मंडळ आणि मंडळी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



महिन्यापूर्वी आपल्या चिटणीसबाई माझ्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "बाई, यंदा तुम्ही बोला. तुमच्या ख्रिस्ती लोकांत लहान लहान गावांतूनही माणसे प्रार्थनेला एकत्र जमतात. ती कशी जमतात आणि एकत्र कशी राहतात, तेवढे आम्हांला सांगा." मी म्हटले, "अहो, मी प्राथमिक शाळेतली मास्तरीण. व्याख्यान देणे मला कुठले साधायला?" त्यावर त्या म्हणाल्या, "मग वर्गात सांगत होतात तसे सांगा." तेव्हा भगिनींनो, हे व्याख्यान नव्हे आणि धर्मोपदेश तर नव्हेच नव्हे. एका लहानशा वस्तीची ही हकिगत आहे. तीत माझी स्वतःची एक चूक आहे, आणि खरे सांगायचे तर ती चूक चार बायकांसमोर बोलून दाखवावी म्हणूनच मी आज उभी राहिले आहे.

आरंभी एका शब्दाविषयी बोलते. आमच्यात चर्चला "मंडळी" म्हणतात. इमारत ती देऊळ, आणि तीत बसणारी माणसे ती मंडळी. कौले उडून गेली तर मंडळी लिंबाच्या झाडाखाली भरते. पण मंडळी मोडली तर देऊळ म्हणजे नुसती कडबा भरायची जागा. हा शब्द मोठा गोड आहे. पंगतीत यजमान "सावकाश होऊ द्या, मंडळी" म्हणतो, तेव्हा कोणी परका राहत नाही. जुन्या काळचे गृहस्थ तर बायकोचा उल्लेखही "आमची मंडळी" असा करीत. एकट्या बाईला मंडळी का म्हणत असतील? मला वाटते, ती घरात आली की घर भरते म्हणून. आपले हे मंडळ आणि आमची ती मंडळी, एका वेलांटीचा काय तो फरक.

आता त्या वस्तीविषयी. आपल्या नगर जिल्ह्यात, ज्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, ख्रिस्ती कुटुंबे खेडोपाडी आहेत. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस आले आणि १८३१ साली त्यांनी नगरला काम सुरू केले. पुढे १८७० नंतर इंग्लंडच्या चर्चची एस. पी. जी. मिशन आली, कॅथलिक फादर आले. शाळा निघाल्या, दवाखाने निघाले, आणि त्याबरोबर खेड्यांतल्या माणसांची विभागणीही झाली. हे अमेरिकन मिशनचे, ते एस. पी. जी.चे, आणि पलीकडचे रोमन. ज्यांना प्रभू एक, शास्त्र एक, त्यांची देवळे दोन-तीन!

माझे माहेर एस. पी. जी.चे आणि सासर अमेरिकन मिशनचे. माहेरी प्रार्थना छापील पुस्तकातली असे, गुडघे टेकून, ठरलेल्या शब्दांत म्हणायची. सासरी पुस्तक नसे. ज्याला वाटेल त्याने उठावे, डोळे मिटावे आणि मनात येईल ते देवापाशी बोलावे. माझे लग्न १९७१ साली झाले. त्याच्या आदल्या वर्षीच, २९ नोव्हेंबर १९७० या दिवशी, नागपूर येथे सहा निरनिराळी चर्चे मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही एकच मंडळी झाली होती. तिच्यासाठी १९२९ पासून बोलणी चालू होती. चाळीस वर्षे! माझे वडील मांडवात हसून म्हणाले, "नागपूरला जे चाळीस वर्षांत जमले ते आम्ही एका सुपारीत जमवले." मोठी माणसे हसली. मी मात्र घाबरले होते, कारण पुस्तकावाचून प्रार्थना करायची म्हणजे मला पाण्यावाचून पोहण्यासारखे वाटत होते.

पण कागदावर एक झालेली माणसे वस्तीवर एक होतातच असे नाही. आमच्या खेड्यांतील बहुतेक ख्रिस्ती कुटुंबे ज्यांना त्या काळी महार व मांग म्हणत अशा दोन समाजांतून आलेली. सवर्णांनी दोघांनाही गावाबाहेर ठेवले; आणि बाहेर ठेवलेल्यांनी पुन्हा आपसांत पाणवठे वेगळे ठेवले. ख्रिस्ती झाल्यावर ही भिंत पडायला हवी होती. देवळात ती पडली असे आम्ही म्हणत असू, कारण प्रभुभोजनात भाकर एक आणि प्याला एक. पण बसायची बाजू मात्र ठरलेली असे, आणि सोयरीक तर दूरच. हे सांगताना मला संकोच वाटतो, परंतु झाकून ठेवले तर पुढचे तुम्हांला समजायचे नाही.

या बाबतीत लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या नगरकडे आल्या तेव्हाही त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते. स्वयंपाक-पाणी वेगळे होते. मग त्यांच्या मनाने घेतले की जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केलेला आहे. आणि त्या कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भगिनींनो, या क्रमाकडे लक्ष द्या. आधी पाणी आणि मग बाप्तिस्मा! आमच्यांतल्या कितीकांचा क्रम उलटा झाला, आणि मग पहिले राहूनच गेले. हे सारे त्यांनी "स्मृतिचित्रे"त लिहून ठेवले आहे. ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी आपल्या वाचनालयातून जरूर न्यावे.

आमची वस्ती खऱ्या अर्थाने पहिल्यांदा एकत्र आली ती १९७२ च्या दुष्काळात. मी नवी नवरी. विहिरीत हंडा टाकला तर गाळच वर येई. पुढे १९७३ च्या मे महिन्यात राज्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती, असे मी नंतर वाचले. त्यांतलीच एक मी. शिकलेली असले तरी नोकरी अजून लागायची होती. आम्ही रस्त्याच्या कामावर खडी फोडीत असू. हाताला फोड, डोळ्यांत कच. सुकडी मिळे, रेशनवर तांबडी मिलो मिळे. दुपारी जेवायला बसलो की आमच्या वस्तीवरची एक म्हातारी, तिला सगळे आत्याबाई म्हणत, ती पदर डोक्यावर घेऊन मोठ्याने म्हणे, "देवा, आजचं भागलं. उद्याचं तुझ्याकडं लागू." एवढीच तिची प्रार्थना. तिला अक्षरओळख नव्हती. पण ती डोळे मिटी तेव्हा आमच्या शेजारी बसलेल्या मराठ्यांच्या, धनगरांच्या, मुसलमानांच्या बायकाही हात जोडीत. कोणी कोणाचा धर्म विचारला नाही. भाकरीचे तुकडे या फडक्यातून त्या फडक्यात गेले. मला वाटे, हेच खरे प्रभुभोजन.

पण पाऊस पडला, विहिरी भरल्या, आणि भरल्या विहिरीबरोबर भांडणेही भरून आली. दुष्काळात एकत्र राहणे सोपे असते, भगिनींनो. सुकाळातले एकत्र राहणे कठीण.

आता माझी गोष्ट. आमच्या घरी दोन भाऊ. वाटण्या झाल्या, विहीर मात्र सामाईक राहिली. पुढे तिच्यावर मोटार बसली आणि दिवस वाटून घेतले. वीज कधी दिवसा तर कधी मध्यरात्री. एकदा आमच्या पाळीला वीज आली नाही. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा थोरल्यांनी आपली पाळी म्हणून आपल्या उसाला पाणी लावले. आमचा कांदा वाळला. त्यात त्याच साली नांगरताना बांध कोरला गेला. मुद्दाम की चुकून, देव जाणे. मी आणि थोरल्या जाऊबाई, आमचे बोलणे बंद झाले. हे १९८५ साल. ते सात वर्षे बंद राहिले. एका भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही भाकऱ्या थापीत होतो. तिच्या थापेचा आवाज मला येई आणि माझा तिला.

रविवारी मात्र दोघीही देवळात. आणि तेथे पुस्तकावाचूनची प्रार्थना! आता मी पोहायला शिकले होते. मी उठून डोळे मिटून म्हणे, "हे प्रभू, जे दुसऱ्याच्या वाटणीचे पाणी घेतात त्यांची कठीण मने तू मऊ कर." पुढच्या रविवारी जाऊबाई उठत. "बापा, ज्यांना चार अक्षरं आली म्हणून गर्व झालाय, त्यांना लीनता दे." मंडळीचे डोळे मिटलेले असत, पण कान टवकारलेले. बाहेर पडताना बायका एकमेकींना डोळ्यांनी विचारीत, आज कोणाची सरशी झाली? मला याची लाज वाटत नव्हती. उलट, मी सत्यासाठी प्रार्थना करते आहे असेच मला वाटे. माहेरच्या छापील पुस्तकात टोमणा मारायला जागा नव्हती, ही त्याची थोरवी मला फार उशिरा कळली.

एका रविवारी आम्हा दोघींचे झाल्यावर आत्याबाई उठली. ती म्हणाली, "देवा, या दोघी बोलल्या त्या तुझ्याशी नाही बोलल्या. तू मनावर घेऊ नको." आणि खाली बसली. देवळात कोणी हसले नाही. पण त्या दिवसापासून मला मोठ्याने प्रार्थना करवेना.

तरीही मी सुधारले नव्हते. १९९२ साली नवे पाळकसाहेब आले. त्यांनी ठरवले की दर बुधवारी रात्री प्रार्थनासभा एकेका घरी व्हावी, म्हणजे देवळात न येणारेही येतील. मी स्त्रीसभेची चिटणीस. घरांची यादी करायचे काम माझ्याकडे आले. मी सुरेख अक्षरात बावीस घरांची यादी केली आणि देवळाच्या दाराला लावली. आत्याबाईला वाचता येत नव्हते. तिने नातवाकडून ती वाचून घेतली, बोटांवर मोजली, आणि संध्याकाळी काठी टेकीत माझ्या ओट्यावर आली.

"पोरी, रात्री वस्तीवर दिवे किती लागतात?"

मी म्हटले, "असतील पंचवीस."

"तुझ्या कागदावर बावीस हायेत. तीन दिवे तू फुंकलेस."

मी कारणे सांगू लागले. जाऊबाईंच्या घरी जागा अडचणीची आहे. ओढ्याच्या कडेच्या विधवा बाईला आलेल्यांना चहा देणे परवडायचे नाही. आणि ओढ्यापलीकडचे ते एक घर, दुसऱ्या समाजाचे, तेथे जायला आपली माणसे तयार होतील की नाही कोण जाणे. तिन्ही कारणे ऐकायला मायेची होती. आत्याबाईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "जागा, चहा नि माणसं देव बघंल. तू नुसती नावं लिही. वस्तीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, घर लागंल तसं. मधलं गाळायचं न्हाई."

मी रात्री कंदिलाजवळ बसून यादी पुन्हा लिहिली. पंचवीस घरे.

नवव्या बुधवारी जाऊबाईंच्या घरची पाळी आली. सात वर्षांत मी तो उंबरा ओलांडला नव्हता. त्यांनी ओसरी सारवली होती, घोंगड्या अंथरल्या होत्या. मी दाराशीच बसले. भजने झाली. टिळकांनी आमच्यासाठी भजने लिहून ठेवली आहेत ती आपल्या अभंग-ओवीच्या वळणाची, टाळ-मृदंगावर म्हणायची. त्यामुळे कोणालाही दोन ओळींत सूर सापडतो. मग शेवटी, नेहमीप्रमाणे, प्रभूने शिकवलेली प्रार्थना सर्वांनी मिळून म्हणायची वेळ आली.

त्या प्रार्थनेविषयी दोन गोष्टी सांगते. पहिली ही की तीत "मी" आणि "माझे" हे शब्द नाहीत. बाप आमचा, भाकर आमची, अपराध आमचे. एकट्याने खोलीत बसून म्हटली तरी ती अनेकवचनीच राहते. म्हणजे ज्याच्याशी मी बोलत नाही त्यालाही मला तोंडात घ्यावेच लागते. दुसरी गोष्ट, आमच्या मराठीत तिच्यात "ऋण" हा शब्द आहे. आम्ही आमच्या ऋणकोंना जसे सोडले तसे तू आम्हांला सोड, अशा अर्थाचे मागणे आहे. शेतकऱ्याला पाप म्हटले तर एखादे वेळी समजायचे नाही, पण ऋण लगेच समजते. सोसायटीचे कर्ज ज्याच्या डोक्यावर आहे त्याला "सोडणे" म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही.

तर त्या ओळीपाशी आल्यावर माझा आवाज बसला. मला ते म्हणवेना. कारण त्या ओळीत एक अट आहे, आणि मी ती पाळली नव्हती. मी गप्प राहिले, तेव्हा माझ्या लक्षात आले की समोर चुलीच्या बाजूने येणारा एक ओळखीचा आवाजही थांबला आहे. सारी मंडळी ती ओळ म्हणत होती; आम्ही दोघीच गप्प होतो. सात वर्षांत प्रथमच आम्हा दोघींचे एका गोष्टीवर एकमत झाले होते!

प्रार्थना संपली. चहा आला. जाऊबाई माझ्यासमोर कप ठेवून म्हणाल्या, "घे, गार होतोय." बस, इतकेच. रडणे झाले नाही, गळामिठी झाली नाही. बांध आहे तेथेच आहे, थोडा वाकडा. पण पुढच्या आठवड्यात पाण्याच्या पाळ्या पंचांसमोर कागदावर लिहिल्या गेल्या. वीज गेली तर पाळी पुढे सरकेल, असे एक वाक्य त्यांत घातले. एका वाक्यासाठी सात वर्षे! जाऊबाई आता या जगात नाहीत. त्यांच्या शेवटच्या आजारात मी उशाशी बसून ती प्रार्थना म्हणत असे आणि ती ओळ आम्ही दोघी अडखळत का होईना, पण पुरी म्हणत असू.

ओढ्यापलीकडच्या घरी सभा झाली तेव्हा पहिल्या खेपेस निम्मीच माणसे आली, हेही खरेच सांगितले पाहिजे. दुसऱ्या फेरीत आणखी काही आली. त्या घरच्या बाईंच्या हातचा चहा आत्याबाई आधी घेई आणि मोठ्याने घोट घेई, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून. आणि ज्या विधवा बाईला परवडणार नाही म्हणून मी वगळले होते, तिने गुळाच्या खड्याबरोबर पाणी दिले. इतके गार पाणी मी कोठे प्यायले नाही.

मैत्रिणींनो, प्रार्थनेने काय होते असे पुष्कळजणी मला विचारतात. प्रार्थनेने विहिरीला पाणी लागते की नाही हे मी सांगू शकत नाही. पण खरी प्रार्थना असेल तर तिने यादी वाढते, एवढे मी अनुभवाने सांगते. पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. केडगावला त्यांनी दुष्काळातल्या, टाकून दिलेल्या, निराधार मुली-बायका गोळा केल्या. १९०५ च्या जानेवारीत त्यांनी प्रार्थनेसाठी पुढे या असे सांगितले तेव्हा सत्तर जणी पुढे आल्या. सहा महिन्यांत त्या साडेपाचशे झाल्या. आणि त्या नुसत्या डोळे मिटून बसल्या नाहीत. त्याच मुक्तीसदनात बायका शेती करीत, विणीत, छापखाना चालवीत. खेड्यातल्या साध्या बाईला कळावे म्हणून रमाबाईंनी एकटीने सबंध बायबल सोप्या मराठीत आणले, आणि १९२२ साली डोळे मिटण्यापूर्वी ते काम पुरे केले. ज्या बाईसाठी कोणी लिहीत नव्हते तिलाही त्यांनी यादीत घेतले.

आणखी एक. दर वर्षी मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जगभरच्या ख्रिस्ती स्त्रिया एकच प्रार्थना करतात. १९२७ पासून हा जागतिक प्रार्थनादिन पाळला जातो. दर साली निराळ्या देशातल्या बायका ती उपासना लिहून देतात. २०२४ ची पॅलेस्टाइनमधल्या बायकांनी लिहिली होती, २०२५ ची कुक बेटांवरल्या बायकांनी. ही बेटे कोठे आहेत ते मला नातवाने नकाशावर दाखवले. पॅसिफिक समुद्रात कागदावर पेनाची टोके टेकवावीत तशी. पण त्यांचीही पाळी आली. मला आत्याबाईची आठवण झाली. घर लागेल तसे. मधले गाळायचे नाही.

आता शेवटचे, आणि ते आपल्या मंडळाविषयी. या वस्तीत राहायला आल्यापासून तुम्ही मला परके मानले नाही. नाताळला माझ्या घरी करंज्या करायला तुम्ही येता आणि दिवाळीला मी तुमच्याकडे. म्हणूनच घरचे माणूस बोलते तसे बोलते. मंडळाच्या सभासदांची यादी चिटणीसबाईंनी मला वाचायला दिली. सुरेख अक्षर आहे. पण मास्तरणीची खोड, मी मोजत गेले. कालव्याच्या पलीकडे नऊ घरे आहेत. आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बायका तेथूनच येतात. त्यांतले एकही नाव यादीत नाही. आणि संक्रांतीच्या बोलावण्याची यादी निराळी असते. तीत आपल्याच गल्लीतल्या तीन भगिनी नाहीत, कारण त्यांच्या कपाळी कुंकू नाही. मी कोणाला नावे ठेवीत नाही. मला तो अधिकारच नाही; मी स्वतः तीन दिवे फुंकलेली बाई आहे. त्यांना वगळण्याची तुमची कारणेही मायेचीच असतील. माझीही होती.

तेव्हा माझी विनंती एवढीच. पुढच्या वर्षी मंडळाची बैठक दर महिन्याला एकेका घरी घ्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कालवा ओलांडून. पहिल्या खेपेस निम्म्याच जणी येतील. येऊ द्या. चहा नसेल तेथे पाणी घ्या. आणि जिच्याशी तुमचे बोलणे नाही तिच्या घरची पाळी आली की दाराशी का होईना, पण बसा. एकमत होईल असे मी म्हणत नाही. सगळ्यांनी एका सुरात बोलावे असेही नाही. आमचे बांध वाकडेच राहिले. पण एकमेकींच्या घरी दिवा लागतो याची नोंद आपल्या कागदावर असली पाहिजे.

कालव्यापलीकडच्या पहिल्या बैठकीला मी येईन. गुडघे दुखतात, पण काठी आहे. आत्याबाईचीच आहे ती.